हलकं धनुष्य घे आणि लवकर मैदानात ये

धनुष्य हातात धरायचंय, स्पर्धेतही उतरायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं विचारलंस ना? बरं केलंस. हा प्रश्न मनात ठेवून गप्प बसणाऱ्या पोरी मला माहीत आहेत. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मुलींना खो-खो आणि कबड्डीच्या मैदानावर आणणारे पुष्कळ आहेत. धनुर्विद्येचं नाव काढलं की मात्र घरात पहिला सवाल पैशांचा निघतो आणि दुसरा, "हे आपलं काम आहे का?" दोन्हींची उत्तरं देते. पण बाकी सारं विसरलीस तरी चालेल अशी एक गोष्ट आधी सांगते. धनुष्य हलकं घे, अंतर जवळचं ठेव, आणि पहिली स्पर्धा "आता मी तयार झाले" असं वाटायच्या आधीच खेळ.

आधी "आपलं काम आहे का" याचं बघू. अगं, ते आपलंच आहे. भिल्लांच्या घरात तिरकामठा पिढ्यान् पिढ्या राहिला. बांबूचं धनुष्य आणि त्याला दोरीही बांबूच्याच चिवट कांबीची. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तिरकामठा खांद्यावर घेऊन चालणारी माणसं तू पाहिली असशील. ज्या घरात तो भिंतीला टांगलेला आहे, त्या घरातल्या मुलीने मैदानावर बुजायचं काही कारण नाही. ज्यांच्या घरात तो कधी नव्हता, त्यांनाही दार उघडंच आहे. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये रिकर्व्ह आणि कंपाउंड या आधुनिक धनुष्यांच्या प्रकारांच्या जोडीला "इंडियन राउंड" नावाचा स्वतंत्र प्रकार असतो. त्यात बांबू-लाकडाचं साधं धनुष्य वापरतात. नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळायच्या दांड्या नाहीत, कप्प्या नाहीत. ५० मीटरवरून ३६ बाण आणि ३० मीटरवरून ३६ बाण, एकूण ७२ बाण आणि ७२० गुण. मोठ्यांचं हे अंतर. लहान वयोगटांना अंतर कमी असतं.

एकलव्याची गोष्ट तर तुला पाठच असेल. गुरूने अंगठा मागितला, त्याने दिला. आता मैदानावर गेलीस की एक पाहा. आज जगभर लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत रिकर्व्हवाले आणि इंडियन राउंडवाले दोरी ओढतात ती तीन बोटांनी, तर्जनी बाणाच्या वर आणि मधलं व अनामिका बाणाच्या खाली. अंगठा दोरीला लागतच नाही, तो तळहाताकडे वळवून ठेवायचा असतो. अंगठ्याने ओढायची पद्धतही खरी आहे. मंगोलियात, तुर्कस्तानात आणि मुघलांच्या काळात आपल्याकडेही ती होती, त्यासाठी अंगठ्यात कडं घालत. पण तू शिकणार आहेस त्या विद्येला अंगठ्याची गरज नाही. कुणी तुला "तुमच्याकडे साधनं कुठे आहेत" म्हणालं, तर हे आठव. जे नाही त्याच्याशिवायही नेम लागतो.

आता पैशांचं. इंडियन राउंडचं धनुष्य काही हजारांत येतं. रिकर्व्ह किंवा कंपाउंडचा स्पर्धेच्या दर्जाचा संच घ्यायचा तर लाखाच्या पुढची गोष्ट होते. त्यामुळे पहिल्याच वर्षी वडिलांना कर्ज काढायला लावू नकोस. शाळेचं, क्लबचं, मैत्रिणीचं धनुष्य वापर. वर्षभरात तुझी उंची वाढेल, ताकद वाढेल, ओढ बदलेल, आणि आज मापाचं असलेलं धनुष्य उद्या मापाचं राहणार नाही. फक्त बोटांचा टॅब आणि हाताचा गार्ड तेवढा स्वतःचा घे. ते अंगाला बसलेले हवेत आणि महागही नसतात.

साधं धनुष्य किंवा साधं घर म्हणजे कमीपणा, असं मनात आणू नकोस. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातलं सरडे गाव. तिथला प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आई-बापाचा मुलगा. अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. साताऱ्याचीच अदिती स्वामी उसाच्या शेतातल्या मैदानावर सराव करून मोठी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ती कंपाउंडची जगज्जेती झाली तेव्हा जेमतेम १७ वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. तिघेही आपल्या महाराष्ट्राचे. राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूरकडे उसाची कमी नाही, आणि अकोले तालुक्यात बांबूची. आपल्याकडे कमी आहे ती एवढ्या लवकर मैदानात येणाऱ्या मुलींची.

धनुष्य उचलायच्या आधी डोळा तपासून घे. दोन्ही हात समोर लांब कर, तळव्यांमध्ये छोटी फट ठेव आणि त्या फटीतून देवळाचा कळस किंवा दूरचा खांब बघ. दोन्ही डोळे उघडे हवेत. मग एक डोळा मीट, नंतर दुसरा. ज्या डोळ्याने कळस फटीत तसाच दिसतो, तो तुझा प्रबळ डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताने दोरी ओढ, डावा असेल तर डाव्या हाताने. लिहिण्याचा हात आणि हा डोळा काहींचे वेगवेगळे निघतात. तसं झालं तर सुरुवातीलाच प्रशिक्षकांना सांग, सहा महिन्यांनी हात बदलणं फार जड जातं.

मग येतं वजन. धनुष्याची ताकद पाउंडात मोजतात. तुझ्या वयाच्या, शाळेतल्या मुलीने १४-१५ पाउंडांपासून सुरुवात करावी, २० च्या वर घाईने जाऊ नये. मैदानावर कुणीतरी ३० पाउंड ओढताना दिसेल आणि तुलाही मोह होईल. तेव्हा हा हिशेब कर. २० पाउंडांच्या धनुष्याने ७२ बाण सोडले की तुझ्या पाठीने आणि खांद्यांनी १४४० पाउंड ओढलेले असतात, म्हणजे जवळजवळ साडेसहा क्विंटल. ३० पाउंडांचं घेतलंस तर तोच आकडा पावणेदहा क्विंटलांच्या वर जातो. त्यात सरावाचे बाण धरलेलेच नाहीत. अंग तयार नसताना एवढं ओझं घेतलं की खांदा वर येतो, हात थरथरतो, आणि शरीर चुकीची ढब पाठ करतं. ती ढब मोडायला पुढे वर्ष जातं. कसोटी सोपी आहे. दोरी पूर्ण ओढून शांतपणे पाच-सहा सेकंद धरता आली पाहिजे आणि सरावाच्या शेवटच्या बाणालाही पहिल्यासारखीच धरता आली पाहिजे. तसं होत नसेल तर ते धनुष्य तुझं नाही.

आता एक बाण कसा सुटतो ते नीट ऐक. पाय खांद्याएवढे फाकवून रेषेच्या दोन्ही बाजूंना ठेव, वजन दोन्ही पायांवर सारखं. बाणाची खाच दोरीत बसव. बाणाच्या तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला हवं, नाहीतर बाण धनुष्याला घासून जातो. धनुष्याचा हात घट्ट आवळू नकोस. मूठ सैल हवी, दाब अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मऊ भागावर. कोपर थोडं बाहेर फिरव, म्हणजे दोरी हातावर बसणार नाही. मग ओढ. ही ओढ दंडातून येत नाही, पाठीतून येते. दोन्ही खांद्यांच्या पात्या एकमेकींकडे सरकल्यासारख्या वाटल्या की समज, बरोबर ओढलंस. तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकली की थांब. ही टेकायची जागा, म्हणजे अँकर, दर बाणाला तीच हवी. अर्धा इंच इकडेतिकडे झाला की लांबच्या लक्ष्यावर बाण हातभर सरकतो. आणि सोडताना बोटं झटकायची नाहीत. पाठीची ओढ चालू ठेवून बोटं फक्त सैल करायची. बाण लक्ष्याला लागल्याचा आवाज येईपर्यंत धनुष्याचा हात खाली आणायचा नाही. घाईने "कुठे लागला" म्हणून डोकावणाऱ्या मुलीचा बाण खाली जातो, कारण डोकं हललं की हातही हलतो.

साइट नसताना नेम कसा धरायचा, हा पुढचा प्रश्न. बाणाचं टोकच तुझी खूण. पण बाण डोळ्याच्या खाली ओठाजवळ असतो, म्हणून जवळच्या अंतरावर टोक थेट लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर धरलंस तर बाण वर जातो. १० मीटरवर टोक लक्ष्याच्या बरंच खाली धरावं लागेल. अंतर वाढत जाईल तसं टोक वर सरकेल आणि एका ठरावीक अंतरावर बरोबर पिवळ्यावर येईल. ते अंतर प्रत्येकीचं वेगळं. तुझ्या धनुष्यावर, बाणाच्या लांबीवर आणि अँकरवर ते ठरतं. म्हणून एक वही ठेव. कोणत्या अंतराला टोक कुठे धरलं आणि बाण कुठे लागले, ते दर सरावाला लिहून काढ. महिन्याभरात ती वही तुला कुणाही प्रशिक्षकापेक्षा खरं सांगेल.

सुरुवातीला गुण मोजूच नकोस, एकत्रपणा बघ. सहा बाण डाव्या कोपऱ्यात पण तळहाताएवढ्या जागेत लागले, तर ते चांगलं. तुझी कृती सारखी होते आहे, फक्त नेम सरकवायचा बाकी आहे. एक बाण पिवळ्यात आणि पाच बाण पाच दिशांना, हे वाईट. तिथे पिवळ्यातला बाण नशिबाचा. १० मीटरवर सहाही बाण एका थाळीएवढ्या जागेत यायला लागले की १५ वर जा, मग २०, मग ३०. मागे यायची वेळ आली तर खुशाल मागे ये.

आता मुलींच्या दोन गोष्टी, ज्या कुणी आपणहून सांगत नाही. दोरी सुटते तेव्हा छातीला लागू शकते. चेस्ट गार्ड मागून घे, आत घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घाल, आणि मागताना लाजू नकोस. मुलगेही गार्ड लावतात. वेणी मागे बांध, ओढणी नको, लोंबतं कानातलं आणि बांगड्या घरी ठेवून ये. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर सराव कर, पोटात दुखत असेल तर बाण कमी कर किंवा सुट्टी घे. स्पर्धेच्या दिवशी पिशवीत पॅड आणि जास्तीचा पायजमा असू दे, कारण स्पर्धा सकाळी सुरू होऊन दुपार उलटेपर्यंत चालते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या खेळात शिकवताना कोपर, खांदा, हनुवटी सरळ करावी लागते. चांगले प्रशिक्षक आधी सांगतात, विचारतात, आणि सगळ्यांसमोर शिकवतात. न विचारता हात लावणं, एकटीला थांबवून घेणं, रात्री-अपरात्री मेसेज करणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी घरी सांग. तुला तसं वाटलं ना, मग पुरावा शोधत बसू नकोस. बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत कोणती बाई येणार आहे, हे आईला आधीच विचारू दे. हा प्रश्न विचारल्याने कुणाला राग येत असेल तर तिथे न गेलेलंच बरं.

मैदानाचं आणि हवेचं बोलू. आपला जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस महिनोन्‌महिने ठाण मांडतो, आणि पारनेर-जामखेडकडे आभाळाची वाट बघावी लागते. बांबूचं धनुष्य ओल धरतं आणि ओलसर झालं की ढिलं पडतं. पावसाळ्यात ते चुलीपासून आणि ओल्या भिंतीपासून लांब, कोरड्या जागी टांग. सराव संपला की दोरी उतरव. रात्रभर ताणून ठेवलेला बांबू वाकडा बसतो. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नकोस, त्याने धनुष्य तडकतं. पारनेरच्या बाजूला तर डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, इतका तिथे वारा. त्या पट्ट्यात सराव सकाळी लवकर उरक. वाऱ्यात खेळायची सवयही पुढे लागेलच, पण कृती पक्की झाल्यावर.

गावात सराव करणार असशील तर लक्ष्याच्या मागे उंच बांध किंवा टेकाड हवं, मागून पायवाट जाता कामा नये. पोत्यात जुने कपडे ठासून भरले तरी हलक्या धनुष्याला ते लक्ष्य पुरतं. दर वेळी बाण तपास. लाकडी किंवा बांबूचा बाण बोटांत धरून हलका वाकवून बघ, चिरकल्याचा आवाज आला तर मोडून टाक. तडकलेला बाण सुटताना हातात घुसतो. लक्ष्याकडे पळत जाऊ नकोस, बाणाची मागची टोकं डोळ्याच्या उंचीला असतात. बाण उपटताना मागे कुणी उभं नाही ना हे बघ, एक तळवा लक्ष्यावर दाब आणि दुसऱ्या हाताने बाण कागदाजवळ धरून सरळ मागे ओढ. आणि एक कडक सांगते. पाखरावर, सशावर, कुत्र्यावर कधीही नेम धरायचा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि अकोल्याच्या पश्चिमेला तर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिरकामठ्याने आपल्या पूर्वजांचं पोट भरलं हे खरं, पण तुझं लक्ष्य कागदाचं.

आता स्पर्धा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नाव शाळेकडून जातं, म्हणून क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच सांगून ठेव. शाळेत कुणाला माहिती नसेल तर नगरला वाडिया पार्कात जिल्हा क्रीडा संकुल आहे, तिथे वडिलांना घेऊन जा आणि विचार. आश्रमशाळेत असशील तर मुख्याध्यापकांना राजूरच्या प्रकल्प कार्यालयाकडे विचारणा करायला सांग. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाइड यांच्या प्रती एका फाइलमध्ये तयार असू देत. ऐन वेळी कागदासाठी मुलगी बाहेर राहते, याइतकं वाईट काही नाही.

मैदानावर सगळं शिट्टीवर चालतं. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या. एक म्हणजे सोडायला सुरुवात. तीन म्हणजे थांबा आणि बाण आणायला चला. पाच किंवा जास्त सलग वाजल्या तर धोका, असशील तशी थांब आणि बाण दोरीवरून काढ. लक्ष्याजवळ गेलीस की गुण लिहून होईपर्यंत बाणालाही हात लावायचा नाही आणि कागदालाही नाही. पिवळ्यात १० आणि ९, लाल ८-७, निळा ६-५, काळा ४-३, पांढरा २-१. बाण रेषेला नुसता टेकला असेल तरी वरचा गुण मिळतो. शंका आली तर शांतपणे पंचांना बोलाव, ते भिंग लावून बघतात. तो तुझा हक्क आहे, भांडण नव्हे. गुण मोठ्यापासून लहानाकडे वाचून सांगायचे आणि पत्रकावर सही करायच्या आधी बेरीज स्वतः तपासायची. सही झाली की पत्रकावर आहे तेच खरं.

पहिल्या स्पर्धेत तू शेवटची आलीस तरी काही बिघडत नाही. तिथे जे कळतं ते सरावात कळत नाही. शेजारची धनुष्य उचलते तेव्हा आपल्या छातीत काय होतं, वेळ संपत आल्यावर हात घाई करतो का, एक बाण पांढऱ्यात गेल्यावर पुढचा कसा सोडायचा, हे फक्त रेषेवर उभं राहून समजतं. म्हणून म्हणते, तयार होण्याची वाट बघत दोन वर्षं घालवू नकोस. २० मीटरवर बाण लक्ष्यावर राहायला लागले की नाव दे.

आईला सांग, अभ्यास बुडणार नाही. रोज एक तास पुरतो. धनुष्य नसेल त्या दिवशी रबरी पट्टा ओढून आरशासमोर अँकर पक्का कर. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हेही सांग. पण तेवढ्यासाठी म्हणून खेळू नकोस. खेळ, कारण एका रेषेवर सरळ उभं राहून, श्वास सांभाळून, स्वतःच्या पाठीच्या बळावर काहीतरी नेमकं करता येणं ही मुलीच्या आयुष्यात फार मोठी कमाई आहे. ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

या सोमवारी क्रीडाशिक्षकांकडे जा आणि नाव दे. एकटीला संकोच वाटत असेल तर वर्गातली आणखी एक मैत्रीण सोबत घे. दोघी असाल तर सरावही नीट होतो.